परक्या हातची पावडर

प्रयोगशाळा आवरायला काढली की तडकलेल्या चिनी मातीच्या वाट्या निघतात, लेबल उडालेल्या बाटल्या निघतात, कुणाचा तरी मोडका चष्मा निघतो. ते सगळं फेकून देता येतं. किस्से काही फेकता येत नाहीत! ते साठतच जातात. आमच्यापैकी कोणीही दोघं भेटले, की आधी गुडघेदुखी, मग पोरांचे मार्क, आणि लगेच कोणीतरी म्हणतोच, "अरे, बिसेन सरांचं ते आठवते काय?" मग चहा थंड होतो आणि घरून फोन यायला लागतात.

तर गोंदियातल्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं आमचं रिसर्च सेंटर होतं. विषय मटेरियल सायन्स. काळ दोन हजार सालानंतरचा. गाइड बिसेन सर. पीएचडीचे विद्यार्थी तिघं: गोंदियाला लागूनच असलेल्या फुलचूरचा रामटेके, अर्जुनी मोरगावकडून रोज ट्रेननं येणारी वनिता उईके, आणि मी, डोंगरवार. धानाचा भुसा धुवायचा, विजेच्या भट्टीत जाळायचा, आणि जी पांढरी पावडर उरते, म्हणजे सिलिका, तिच्या अंगात काय काय गुण आहेत ते शोधायचं, हा आमचा उद्योग. गोंदियात राइस मिल इतक्या, की कच्च्या मालाची चिंता नव्हती.

*

भुसा मागायला पहिल्यांदा मी आणि रामटेके एका मिलवर गेलो. शेठजी गादीवर बसले होते. रामटेके म्हणाला, "शेठजी, पीएचडी के लिए दो बोरी भूसा चाहिए."

शेठजींनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भूसे में पीएचडी?"

"हां जी."

"डिग्री मिलेगी?"

"मिलेगी. चार-पाच साल लगेंगे."

शेठजी गादीवर जरा पुढं सरकले. मग त्यांनी खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "चावल में भी होती है क्या पीएचडी?"

"होती है ना!"

"तो फिर आप लोग भूसे में क्यों फंसे, भैया?"

भुसा मिळाला. उत्तर मात्र मी अजून शोधतोय.

*

सरांकडे रुजू झालो त्या दिवशी मला वाटलं, आता जाडजूड पुस्तकं मिळतील. सरांनी एक कोरा कागद दिला. म्हणाले, "चहाची कृती लिही. रामटेकेले चहा येत नाही असं समजून लिही."

मी ऐटीत लिहिली. पाणी घ्या, उकळू द्या, साखर टाका, पत्ती टाका, दूध टाका, गाळा. सरांनी तो कागद रामटेकेच्या हातात देऊन त्याला आतल्या खोलीत पाठवलं, आणि मला बाहेर बसवून ठेवलं. बराच वेळ झाला. चहाचा वासही येईना. शेवटी आम्ही आत गेलो, तर रामटेके शेगडीपुढं हाताची घडी घालून उभा!

"काय करून राहिला रे?" सरांनी विचारलं.

"पाणी उकळायची वाट पाहून राहिलो, सर."

"शेगडी कुठं पेटवली?"

"डोंगरवारनं लिहिलं नाही ना जी!"

असा तो सरांचा नियम होता. तुम्ही एखादी पावडर केली, तर ती झाली असं धरायचं नाही. तुम्ही फक्त कृती लिहायची आणि खोलीबाहेर जायचं. दुसऱ्या कोणीतरी निव्वळ तुमचं लिहिलेलं वाचून तीच पावडर केली, तिच्यात तेच गुण आले, तरच ती थीसिसमध्ये जाणार. आम्ही याला 'परका हात' म्हणायचो. विद्यापीठाच्या नियमांत हे कुठंच नव्हतं. तिथं प्रवेश परीक्षा होती, विषयाला मंजुरी देणारी कमिटी होती, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल होता, शोधनिबंध होते, शेवटी थीसिस आणि सगळ्यांसमोरची तोंडी परीक्षा होती. ते सगळं करायचंच. पण परका हात लागल्याशिवाय सरांची सही काही मिळायची नाही.

त्या दिवशी चहाही मिळाला नाही.

*

विषयमंजुरीच्या कमिटीपुढं वनिता गेली तेव्हाची गोष्ट. विद्यापीठातलं मोठं टेबल, पलीकडे पाच-सहा प्राध्यापक, अलीकडे एकटी वनिता. तिचा बाप जंगल खात्याच्या रोपवाटिकेत कामाला. घरात कॉलेज पाहिलेली ती पहिलीच. पण घाबरणं हा प्रकार तिच्या गावी नव्हता.

एका सदस्यांनी विचारलं, "पावडरीची आतली रचना पाहायला एक्स-रेचं मशीन लागेल. आहे तुमच्याकडे?"

"नाही जी."

"इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप?"

"नाही."

"मग आहे तरी काय तुमच्या सेंटरमध्ये?"

"भट्टी हाये," वनिता म्हणाली, "अन् बिसेन सर हायेत."

विषय मंजूर झाला. कशामुळे झाला, भट्टीमुळे की सरांमुळे, यावर रामटेके आणि मी परतीच्या गाडीत पार गोंदियाच्या पुढचं आमगाव येईस्तोवर भांडलो असतो. पण आमची गाडी गोंदियालाच थांबत होती, म्हणून तिथं थांबलो.

*

मशीन नव्हतं, त्यामुळे सॅम्पल नागपूरला घेऊन जावं लागे. तिथं नंबर लावायचा, तारीख घ्यायची, त्या तारखेला परत जायचं. हे काम रामटेकेकडे होतं, कारण त्याला प्रवासात भूक लागत नसे आणि कुणाशीही बोलायला लाज वाटत नसे.

एकदा स्टेशनवर पोलिसानं त्याची पिशवी उघडायला लावली. आत ओळीनं लहान लहान बाटल्या, सगळ्यांत पांढरी पावडर!

"ये क्या है?"

"भूसा है, साहब."

"हमको सिखाता है? भूसा कभी सफेद होता है?"

रामटेके कळवळून म्हणाला, "वही तो, साहब! उसी में तो जवानी निकल गई!"

पोलिसानं बाटल्यांकडे पाहिलं, त्याच्या विरळ केसांकडे पाहिलं, आणि सोडून दिलं.

*

आता वनिताच्या पावडरीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं.

कापडाला लावायचा निळा रंग पाण्यात विरघळवायचा, त्यात पावडर टाकायची आणि पाहत बसायचं. पावडरीत बारीक छिद्रं भरपूर असली तर ती रंग शोषून घेते. आमची पावडर टाकली की पाणी जेमतेम फिकं व्हायचं. वनिताची पावडर टाकली की चहा पिऊन होईस्तोवर ग्लास स्वच्छ! पिण्याचं पाणी वाटावं इतका स्वच्छ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही तिघंही ग्लासाभोवती वाकून उभे होतो.

मग परका हात. वनितानं कृती लिहिली, ती बाहेर गेली, रामटेकेनं पावडर केली. पाणी निळंच. मी केली. निळंच. तिनं कृती आणखी बारकाईनं लिहिली. पुन्हा निळंच! तिनं स्वतः केली की पाणी स्वच्छ.

एक दिवस रामटेके वैतागून म्हणाला, "सर, बाईच्या हाताले चव हाये. दुसरं काही नाही."

सर असे भडकले की विचारू नका. "चव भाजीले असते रे, सिलिकाले नाही! तिच्या हातानं होते अन् तुझ्या हातानं होत नाही, म्हणजे ती काहीतरी करून राहिली जे तिलेच माहीत नाही. ते शोधा!"

वनिता भट्टीकडे पाहत बसली. सरांच्या निवृत्तीला तेव्हा फार काळ उरला नव्हता. त्याआधी थीसिस जमा झाला नाही, तर आमच्या विद्यापीठाच्या नियमानं तिला दुसऱ्या गाइडकडे जावं लागणार होतं. तिला थीसिसवर नाव हवं होतं ते बिसेन सरांचं. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला माहीत होतं.

*

तशात प्रगती अहवाल आला. सहा महिन्यांत काय प्रगती झाली ते लिहा. झाली असेल तर लिहिणार ना! बाकीचे लोक अशा वेळी 'काम समाधानकारकरीत्या सुरू आहे' असं ठोकून देतात. वनितानं लिहिलं: 'काय चुकत नाही, एवढे कळले. भुसा चुकत नाही. तापमान चुकत नाही. रामटेके चुकत नाही.'

सरांनी वाचलं, हसले, आणि जसंच्या तसं पाठवून दिलं. आठवड्यानं विद्यापीठातून फोन. पलीकडचे गृहस्थ अतिशय अदबीनं विचारत होते, "सर, हे रामटेके नावाचं उपकरण आपल्याकडे कधी आलं? खरेदीची नोंद दिसत नाही."

सर म्हणाले, "जुनंच हाये. चालते कधी कधी."

*

निवृत्ती जवळ आली तसा सगळ्यांचा धीर सुटला. मी सरांना म्हटलं, "सर, वनिताची पावडर खरी आहे, तुम्ही डोळ्यानं पाहिली. एवढ्या वेळी सही करून टाका." प्राचार्यांनीही आडून सुचवलं. शेवटी वनिता स्वतः गेली. मी दाराशीच होतो.

"सर, सही करा जी. मले तुमच्याच नावानं थीसिस द्यायचा हाये."

"परका हात लागला?"

"नाही."

"मग मी कायची सही करू?"

मला त्या क्षणी सरांचा संताप आला होता. माणूस आहे की काय आहे! पोरगी पहाटे उठून ट्रेन पकडते, वर्षानुवर्षं भुसा धुते, आणि याला आपला नियम मोठा!

निरोप समारंभ दणक्यात झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. संचालन करणाऱ्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी विद्यार्थ्यांतर्फे दोन शब्द बोलायला वनिताला बोलावलं. ती माइकपाशी गेली. म्हणाली, "सरांनी मला खूप काही दिलं. सही दिली नाही." आणि जागेवर येऊन बसली.

हॉलमध्ये सगळे गार! पहिली टाळी वाजवली ती बिसेन सरांनी. पण वनितानं तिकडे पाहिलं नाही. त्यानंतर सर बोदलकसाला आपल्या शेतावर राहायला गेले, आणि दोघांचं बोलणं थांबलं ते थांबलंच.

*

वनिताच्या नव्या गाइड कटरे मॅडम. अतिशय प्रेमळ बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी वनिताला जवळ बसवलं, डब्यातला अनरसा दिला आणि म्हणाल्या, "हे पाहा, तुझे शोधनिबंध झालेत, लिखाण झालंय. ते परका हात वगैरे आता सोडून दे. थीसिस बांधून आण, मी सही करते."

वनितानं अनरसा खाल्ला. हात पुसले. म्हणाली, "मॅडम, मले राग सरांवर हाये. नियमावर नाही."

आणि पुन्हा भुसा धुवायला गेली. कटरे मॅडम हा किस्सा स्वतः सांगतात, आणि दर वेळी त्यांचे डोळे भरतात.

*

मग एक विलक्षण गोष्ट झाली. वनिताची पावडर वनिताच्याच हातानं बिघडली! एकदा नाही, लागोपाठ. तीच भट्टी, तोच भुसा, तीच वनिता, आणि ग्लासात निळं पाणी. ती स्टुलावर बसून रडली. तिला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

मी तोवर पीएचडी होऊन ज्युनियर कॉलेजात लागलो होतो, पण सकाळचे तास संपले की तिकडे जायचो. रामटेकेनं तिची समजूत काढायचा प्रयत्न केला. त्याला समजूत काढता येत नाही. म्हणाला, "जाऊ दे वो. एक तरी चांगलं झालं. आता लाईन तरी जात नाही."

खरंच होतं ते. इतकी वर्षं रोजचं लोडशेडिंग, आणि त्या सुमारास ते थांबलं होतं.

वनितानं डोळे पुसले. रामटेकेकडे पाहत राहिली. मग उठली, भट्टी लावली, तापू दिली, आणि मध्येच जाऊन मेन स्विच खाली पाडला. सगळ्या खोल्यांत अंधार!

"अवो, काय करून राहिली?" रामटेके ओरडला.

"लोडशेडिंग!"

झालं होतं असं. वनिता सकाळच्या ट्रेननं यायची आणि आल्या आल्या भट्टी लावायची, कारण दुपारची परतीची गाडी गाठायची असे. अर्ध्यावर लाईन जायची. भट्टी हळूहळू निवायची, भुशातला काळा कोळसा सावकाश जळून जायचा, लाईन आली की भट्टी पुन्हा तापायची. आम्ही दोघं गावातले शहाणे! वेळापत्रक पाहून, लाईन आल्यावरच भट्टी लावायचो. आमचा भुसा एका दमात तापायचा, आणि कोळसा आत अडकून बसायचा. वनिताच्या कृतीत लाईन गेल्याचं एक अक्षर नव्हतं. लाईन जाते हे गोंदियात कोण लिहून ठेवतं हो?

तिनं कृतीत 'मध्ये मेन स्विच बंद करा, मग पुन्हा चालू करा' हे घातलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. रामटेकेनं पावडर केली. ग्लासातलं पाणी स्वच्छ झालं, तेव्हा रामटेके ग्लास घेऊन व्हरांडाभर नाचला.

"बोदलकसाले जाऊन सरांना सांग," मी म्हटलं.

"थीसिस लायब्ररीत ठेवतात ना," वनिता म्हणाली. "वाचतील तं कळेल."

*

आणि मग तिची तोंडी परीक्षा. ही खुली असते, कोणीही येऊन बसावं. बाहेरचे परीक्षक पुण्याकडून आले होते, शांत, नेमकं बोलणारे. वनितानं सगळं मांडलं, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. ते खूश दिसत होते. शेवटी रीतीप्रमाणे त्यांनी हॉलकडे पाहून विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?"

हे असंच विचारायचं असतं. कोणी काही विचारत नाही. गाइडला तर विचारायची मुभाच नसते.

सगळ्यात मागच्या रांगेत एक हात वर झाला. पायजमा, शर्ट, खांद्यावर दुपट्टा. वनिताच्या हातातला खडू खाली पडला.

"आपली ओळख सांगा," परीक्षक म्हणाले.

"भाऊलाल बिसेन. शेतकरी. मुक्काम बोदलकसा."

परीक्षकांचा चेहरा फुलला. "वा! शेतकरी बांधव आलेत. विचारा बाबा, अगदी मोकळेपणानं विचारा." पहिल्या रांगेतल्या आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"प्रश्न नाही जी," सर म्हणाले. "या मॅडमनं जसं लिहिलं तसं मी करून पाह्यलो. झालं नाही."

परीक्षकांनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. कटरे मॅडमनी माझा हात घट्ट धरला. भर परीक्षेत, सही व्हायच्या क्षणी, कृती होत नाही म्हणून कोणी उभं राहतं, म्हणजे काय! इतक्या वर्षांनंतरही हा माणूस तिला सोडत नाही!

वनिता मात्र जागची हलली नाही. तिनं विचारलं, "कुठं केलं?"

"तिरोड्याले. ओळखीच्या कॉलेजात भट्टी हाये."

"मधात लाईन बंद केली होती?"

"केलो होतो."

"भुसा?"

"आपल्याच वावरातला."

"धुतला?"

"चांगला धुतलो."

"कोणत्या पाण्यानं?"

सर छताकडे पाहायला लागले.

"कोणत्या पाण्यानं धुतला, सर?"

"बोरच्या."

"मी डिस्टिल्ड लिहिलं हाये."

"वाचलो ना मी."

"मग डिस्टिल्ड घेऊन पाह्यलं?"

"पाह्यलो. मग झालं. एकदम स्वच्छ."

परीक्षक एकदा वनिताकडे पाहत होते, एकदा सरांकडे. त्यांनी हळूच कटरे मॅडमना विचारलं, "मॅडम, इथं परीक्षा नक्की कोणाची सुरू आहे?"

वनिता खडू उचलून दोन पावलं पुढं आली होती. "लिहिलेलं वाचलं होतं, तर आधी बोरचं पाणी कायले घेतलं, सर?"

बिसेन सरांनी दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. आख्ख्या हॉलकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "वाटलं, काय फरक पडते!"